राजाच्या पत्त्यात स्लाउ

इंग्लंडमध्ये नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच-दहा मिनिटांत तीन गोष्टी विचारतात, आज हवा काय म्हणतेय, काम काय करता आणि राहता कुठे. पहिल्या दोन उत्तरांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, तिसरं मात्र नीट कान देऊन ऐकतात. मी सांगते, स्लाउ. मग एक छोटा पॉज येतो, मग "अच्छा, हीथ्रो जवळ पडत असेल ना" असं काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोललं जातं आणि विषय बदलतो. आपल्या माणसांत एवढं आडवळण नसतं. मागे एका दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत एका काकूंनी सरळच विचारलं, "अगं पण स्लाउ का? विंडसर साइडला नाही का काही मिळालं?" काकू प्रेमळ होत्या, त्यांना खरंच काळजी वाटत होती, आणि मला तेच जास्त लागलं. त्या तीसेक वर्षांपूर्वी सोलापूरहून इथे आल्या तेव्हा त्यांना स्लाउ काय आणि विंडसर काय, दोन्ही नावं सारखीच परकी असणार. कुठल्या नावाला मान हलवायची आणि कुठल्या नावावर "अगं पण" म्हणायचं हे त्या इथेच शिकल्या.

तर आधी ही दोन गावं सांगते. दोन्ही लंडनच्या पश्चिमेला. विंडसर म्हणजे राजाचा किल्ला, थेम्स नदी ओलांडली की ईटन, म्हणजे ते जगप्रसिद्ध कॉलेज जिथून आजवर वीस ब्रिटिश पंतप्रधान निघालेत, आणि ईटनच्या उत्तरेला लागूनच आमचं स्लाउ. स्लाउहून विंडसरला एक छोटी गाडी जाते, मध्ये एकही स्टेशन नाही, सहा मिनिटांत पोचते. विंडसरचा पोस्टकोड एसएल ४, अ‍ॅस्कॉटचा, म्हणजे त्या हॅटवाल्या घोड्यांच्या शर्यतींच्या गावाचा, एसएल ५, मेडनहेडचा एसएल ६. यातलं एसएल म्हणजे स्लाउ. विंडसर कॅसलला पत्र टाकायचं तरी एसएल लिहावंच लागतं. राजाच्याच पत्त्यात स्लाउ आहे हे मी नव्या लोकांना आवर्जून सांगते, कारण त्यावरून त्यांना कळतं की ही दोन गावं वेगळी आहेत ती नकाशावर नाही, लोकांच्या डोक्यात. आसपासच्या डॅचेट, बर्नम, स्टोक पोजेस या गावांतले लोक कुठे राहता विचारलं की "विंडसरजवळ" म्हणतात, त्यांचं सगळ्यात जवळचं मोठं दुकान, हॉस्पिटल, लंडनची फास्ट गाडी सगळं स्लाउमध्ये असलं तरी. स्लाउमध्ये राहणारे आपले काही लोकसुद्धा मुंबईच्या फोनवर "विंडसरजवळ" असंच सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. लग्न जमवायचं असतं, नातेवाइकांत उभं राहायचं असतं, आणि स्लाउ म्हटल्यावर समोरचा गूगल करतो.

पण स्लाउची ही जी पायरी ठरली ना, ती कुणीतरी ठरवलेली आहे आणि त्याचे कागद आहेत. लंडनहून पश्चिमेला जाणारी ग्रेट वेस्टर्न रेल्वे मंजूर झाली १८३५ मध्ये, तेव्हा ईटन कॉलेजने हट्टाने कायद्यात कलम घालून घेतलं की कॉलेजपासून तीन मैलांच्या आत स्टेशन बांधायचं नाही. भीती अशी की मुलं रेल्वेत बसून लंडनला पळतील आणि लंडनची नको ती माणसं रेल्वेत बसून इकडे येतील आणि मुलं बिघडवतील. १८३८ मध्ये गाड्या सुरू झाल्या, तर कंपनीने काय केलं, स्टेशन बांधलंच नाही, स्लाउला नुसती गाडी थांबवायला लागले आणि तिकिटं शेजारच्या पबमधून विकायला लागले. ईटन कोर्टात गेलं आणि हरलं. आणि मग थोड्याच दिवसांत व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक आला तेव्हा मुलांना लंडनला न्यायला ईटनने याच रेल्वेकडे स्लाउहून स्पेशल गाडी मागितली. राणी स्वतः आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली ती १३ जून १८४२ ला, स्लाउहून लंडनच्या पॅडिंग्टनला. हे वाचलं तेव्हा मला या सगळ्या प्रकरणाची रीत कळली. गाडी हवी, गाडीवाले नकोत. आणि हेच ईटन १४४० मध्ये सहाव्या हेन्री राजाने काढलं तेव्हा सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवायला म्हणून काढलं होतं, आज तिथली वर्षाची फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे.

मग आला कारखान्यांचा काळ. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सरकारने इथे लष्करी गाड्या दुरुस्त करायचा मोठा डेपो काढला, १९२० मध्ये तो विकला आणि त्यातून स्लाउ ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली. एका मालकाची जागा, आतमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांना तयार शेड भाड्याने. आपल्या एमआयडीसी ज्या पद्धतीने चालतात त्याच्या कितीतरी आधी. मार्स चॉकलेटचा कारखाना १९३२ मध्ये इथे सुरू झाला, मार्स बार पहिल्यांदा बनला तो स्लाउमध्ये. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, हॉर्लिक्सचा लाल विटांचा कारखाना, त्याला घड्याळाचा मनोरा. ज्या हॉर्लिक्सच्या बाटल्या आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना नेत असत त्या हॉर्लिक्सचा. तिसाच्या दशकात वेल्समधल्या खाणी बंद पडल्या, उत्तरेत बेकारी झाली, तेव्हा तिथली माणसं कामासाठी स्लाउला आली. स्थानिक लोक तेव्हा या वेल्श लोकांनाच बाहेरचे म्हणायचे. युद्धानंतर पोलिश आले, मग कॅरिबियन बेटांवरचे, मग पंजाबी, पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे, आणि आता आम्ही. २०२१ च्या जनगणनेत स्लाउची वस्ती साधारण १ लाख ५८ हजार आणि त्यातले जवळजवळ निम्मे आशियाई मुळांचे. म्हणजे शंभर वर्षं या गावाने एकच काम केलंय, जिथलं काम संपलं तिथल्या माणसाला काम दिलं. यात तोंड वाकडं करण्यासारखं काय आहे हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आणि या गावावर कविता झाली ती बॉम्बची. जॉन बेट्जमन, जे पुढे राजकवी झाले, त्यांनी १९३७ मध्ये लिहिलेल्या कवितेत मित्रबॉम्बांना विनंती केलीये की या आणि स्लाउवर पडा, हे गाव आता माणसांच्या लायकीचं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये स्लाउबद्दल कुणाला काहीही माहीत नसलं तरी ही ओळ माहीत असते. मला त्या कवीचा राग समजतो, खरंच समजतो, हिरवळ जाऊन पत्र्याच्या शेड आल्या, भडक नवी घरं आली, नफेखोर मालक आले, त्याला ते बघवलं नाही, आणि कवितेत तो साध्या कारकुनांना वाचवा असंही म्हणतो. पण वरून बॉम्ब पडला तर तो कारकून आणि मालक बघून पडतो का? तीन वर्षांनी देशावर खरेच बॉम्ब पडायला लागले आणि ते टाकणाऱ्या विमानांना अडवणारी हरिकेन विमानं बनत होती लँगलीच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या स्लाउमध्ये. कवीच्या जन्मशताब्दीला, २००६ मध्ये, त्याच्या मुलीने स्लाउला येऊन माफी मागितली, महापौरांना वडिलांच्या कवितांचं पुस्तक दिलं आणि आमचं स्लाउवर प्रेम आहे असं त्यात लिहून दिलं. चांगलं केलं तिने, मला मनापासून आवडलं ते. पण ती माफी कुणाच्या लक्षात नाही आणि कविता शाळेत शिकलेली असते.

आता स्लाउ सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. हाय स्ट्रीटवर बंद दुकानं आहेत. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलनेच, म्हणजे इथल्या नगरपालिकेनेच, जाहीर केलं की पैसे संपले, म्हणजे जवळजवळ दिवाळखोरी, त्याचा त्रास रस्त्यावर कचऱ्यापासून वाचनालयापर्यंत सगळीकडे दिसतो. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, कौन्सिलने उष्णता टिपणारा कॅमेरा लावून गावावरून विमान फिरवलं होतं, घरांच्या मागच्या बागेत बेकायदा शेड बांधून त्यात किती लोक भाड्याने राहतात ते शोधायला, आणि हजारो संशयास्पद शेड सापडल्या. हे सांगताना लोक मान हलवतात, बघा कसं गाव आहे. मी विचारते, त्या शेडमध्ये झोपणारा माणूस सकाळी उठून जातो कुठे? तो हीथ्रोवर बॅगा उचलायला जातो, गोदामात जातो, विंडसरच्या हॉटेलांच्या किचनमध्ये भांडी घासायला जातो. त्याच्या कामाचा उपयोग सगळ्या परिसराला आणि त्याच्या झोपण्याची बदनामी मात्र एकट्या स्लाउला.

माझं या सगळ्यावरचं म्हणणं इतकंच आहे की जागा आपोआप हलकी होत नाही. ज्यांना काम हवं असतं पण कामाचा वास, धूर, आवाज आणि कामगार नको असतो ते लोक ती कामं कुठेतरी दूर ढकलतात आणि मग तिथे राहणाऱ्याला त्या वासाने ओळखतात. लंडनचंच बघा ना. पश्चिम लंडन श्रीमंत आणि ईस्ट एंड गरीब हे इतकं मुरलेलं आहे की लोकांना ते भूगोलासारखं वाटतं, आणि थोडं भूगोलासारखं आहेही, कारण तिथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो, धुराड्यांचा धूर पूर्वेकडे जायचा, म्हणून ज्यांना परवडत होतं ते पश्चिमेला गेले. पण पुढचं सगळं माणसांचं. १८४४ मध्ये लंडनच्या हद्दीत घाणेरड्या वासाच्या उद्योगांवर निर्बंध आले तसे ते ली नदीच्या पलीकडे, हद्दीच्या बाहेर, वेस्ट हॅमकडे सरकले, चामड्याचे, रसायनांचे, हाडं उकळायचे. मग शहराखालून मोठी गटारं बांधली, फार थोर काम होतं ते, कॉलरा थांबला त्याने, पण सगळ्या शहराची घाण सोडायची कुठे तर पूर्वेला, नदीच्या उत्तरेकडची बेक्टनला आणि दक्षिणेकडची क्रॉसनेसला. नंतर चार्ल्स बूथ नावाच्या माणसाने लंडनच्या गल्ली न् गल्लीचा नकाशा रंगवला, १८८९ पासून, सगळ्यात श्रीमंत गल्ली पिवळी, मग लाल, गुलाबी असं करत करत सगळ्यात गरीब गल्ली काळी, आणि त्या काळ्या रंगापुढे लिहिलं होतं की हा खालचा वर्ग, दुर्वर्तनी, अर्धा गुन्हेगार. बूथचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या कामातून पुढे म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनसाठी चळवळ उभी राहिली. तरी मी तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ त्या काळ्या पट्ट्यांकडे बघत राहिले, त्यात राहणाऱ्या एखाद्या बाईने स्वतःच्या गल्लीचा रंग बघितला असता तर तिला काय वाटलं असतं.

मग हेच ईस्ट एंडचे लोक युद्धानंतर, बॉम्बने पडलेल्या घरांतून, झोपडपट्ट्यांतून उठवून एसेक्समधल्या नव्या शहरांत नेले, हार्लो, बॅसिल्डन. त्यांना पहिल्यांदा घरात बाथरूम मिळाली, बाग मिळाली, पुढे त्यांच्या पोरांनी पैसा कमावला, गाड्या घेतल्या, तर ऐंशीच्या दशकात एसेक्सच्या मुलींवर जोक्स सुरू झाले. पैसा आहे पण अक्कल नाही, कपडे भडक, आवाज मोठा, चारित्र्य ढिलं. म्हणजे गरीब होते तेव्हा घाणेरडे आणि पैसे आले तर भडक, सुटका कुठेच नाही. ऑक्सफर्डच्या शिकाऊ डिक्शनरीत "एसेक्स गर्ल" या शब्दाला अर्थासकट जागा होती, एसेक्समधल्या बायकांनी मोहीम चालवली तेव्हा कुठे २०२० मध्ये तो काढला. एसेक्सची एक नर्स माझ्याबरोबर काम करायची, अतिशय हुशार, ती सांगायची की नवीन ठिकाणी गेलं की ती पहिले काही दिवस कमी बोलते. तोंड उघडलं की गाव कळतं म्हणून.

कारण इथे पत्ता विचारायची गरजही नसते, जिभेवरच असतो तो. बर्नार्ड शॉने लिहून ठेवलंय की एका इंग्रजाने तोंड उघडलं की दुसऱ्या कुठल्यातरी इंग्रजाला त्याचा तिरस्कार वाटल्याशिवाय राहत नाही, आणि हे त्या नाटकाच्या प्रस्तावनेत आहे ज्यावरून पुलंनी ती फुलराणी केली, त्यामुळे हे दुखणं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं तर लोकांनी तक्रारी केल्या, या उच्चारातल्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत म्हणून. युद्ध चालू आहे, मरणाच्या बातम्या आहेत, आणि त्या खऱ्या वाटायला दक्षिणेतल्या वरच्या वर्गाचा उच्चार हवा. आज बीबीसीवर सगळे उच्चार ऐकू येतात, पण बर्मिंगहॅमच्या बोलीला बऱ्याच सर्व्हेंत आजही तळालाच टाकतात. ज्या शहराने वाफेची इंजिनं, पेन, बटणं, बंदुका असं काय काय जगाला करून दिलं त्या शहराची बोली ऐकली की बोलणारा मंद असेल असं लोकांना वाटतं. आमच्या पुढच्या पिढीचंही मी बघते, स्लाउच्या शाळेत मुलं एक बोली उचलतात, पंजाबी, लंडन, कॅरिबियन सगळं मिसळलेली, मला कानाला फार गोड लागते ती, आणि आईबाप घाबरून त्यांना "नीट बोलायला" शिकवणारे क्लास शोधतात.

काही वेळा ही सीमा चक्क विटांची असते. ऑक्सफर्डच्या उत्तरेला कट्सलो म्हणून भाग आहे. तिथे १९३४ मध्ये कौन्सिलच्या भाड्याच्या घरांशेजारी एका बिल्डरने खाजगी घरं बांधली आणि मध्ये रस्त्यावर आडव्या दोन भिंती घातल्या, माणसापेक्षा उंच, वर टोकदार सळ्या, का तर शेजारी झोपडपट्टीतून आलेली माणसं आहेत म्हटल्यावर आपली घरं विकली जाणार नाहीत. एकच सरळ रस्ता, पण भिंतीच्या अलीकडे नाव वेगळं, पलीकडे वेगळं. कौन्सिलच्या घरातल्या मुलांना दुकानाला, बसला जायला लांबून वळसा. १९३८ मध्ये कौन्सिलने रोलर घालून भिंती पाडल्या, तर बिल्डर कोर्टात गेला आणि भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी पडल्या १९५९ मध्ये. पंचवीस वर्षं! विद्येच्या माहेरघरात! आणि हे जुनं झालं म्हणावं तर २०१९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका नव्या गृहसंकुलात कमी भाड्याच्या घरातल्या मुलांना मधल्या खेळायच्या जागेत जाता येऊ नये म्हणून झुडपांची उंच रांग लावलेली सापडली, पेपरात आल्यावर ती उघडली. लंडनच्या कितीतरी नव्या टॉवरना स्वस्त फ्लॅटवाल्यांचं दार मागच्या बाजूने असतं, लोक त्याला उघड उघड पुअर डोअर म्हणतात.

ग्रेनफेल टॉवरबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. १४ जून २०१७ च्या रात्री ७२ माणसं जळून, गुदमरून गेली. हा टॉवर स्लाउमध्ये नव्हता, ईस्ट एंडमध्ये नव्हता, केन्सिंग्टन आणि चेल्सी या देशातल्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एका भागात होता, पण त्या भागाच्या उत्तरेच्या टोकाला, जिथे कौन्सिलची घरं आहेत. आधी एक-दोन वर्षांपूर्वी त्याला बाहेरून नवं आवरण बसवलं होतं, त्यात उष्णता धरून ठेवायचा हेतू होता आणि नियोजनाच्या कागदांत असाही विचार लिहिलेला होता की आजूबाजूच्या भागातून टॉवर बरा दिसावा. तेच आवरण पेटलं. रहिवासी आधीपासून आगीच्या धोक्याबद्दल ओरडत होते, लेखी ओरडत होते. पोस्टकोड श्रीमंतांचा होता त्यांच्याकडे, त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणून कुणी मला म्हणालं की ही गावांवरून नाकं मुरडणं म्हणजे नुसती इंग्रजांची गंमत आहे, मनावर घेऊ नये, तर मी मनावर घेते. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही हे यातूनच ठरत जातं.

आणि एक घर आहे ज्याबद्दल प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं. लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरचं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. आजचा तो भाग अतिशय महागडा. शेजारच्या काही लोकांनी तक्रार केली की इथे बस भरभरून माणसं येतात, आवाज होतो, आणि कॅम्डन कौन्सिलने संग्रहालयाची परवानगी नाकारली. कागदावरचं कारण राहत्या घराची जागा कमी होते हे होतं आणि लंडनमध्ये घरांची टंचाई खरी आहे, ते मी नाकारत नाही. अपील झालं, सुनावणी झाली, मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. मी तिथे जाते तेव्हा नागपूरहून, लातूरहून, बर्मिंगहॅमजवळच्या वूल्वरहॅम्प्टनहून आलेली माणसं भेटतात, पांढरे कपडे, हातात फुलं, दारात चप्पल काढून आत जातात, हळू आवाजात बोलतात. ज्यांच्या आजोबांना गावकुसाच्या आत यायला बंदी होती त्यांची नातवंडं एका श्रीमंत इंग्रज गल्लीत येतात आणि तिथेही त्यांच्या येण्याची तक्रार होते, हे मला सहन होत नाही. आणि ते घर उघडं राहिलं याचा आनंद तेवढाच मोठा आहे.

गावकूस आपलंच आहे ना. कुणी कुठे राहायचं आणि त्यावरून कुणाची सावली चालेल हे ठरवण्यात आपण इंग्रजांच्या शेकडो वर्षं पुढे होतो, म्हणून मला वाटतं काकूंना स्लाउ-विंडसर शिकायला वेळ लागला नसेल, वर्गाची पाटी कोरी नव्हतीच. मी परळची. आजोबा गिरणीत, आम्ही चाळीत. शिवाजी पार्कच्या मैत्रिणीकडे गेलं की तिची आई विचारायची, कुठली गं तू, आणि परळ म्हटलं की "अच्छा, गिरणगावातली." आमच्या चाळीतलेच काही जण बाहेर "दादरला राहतो" सांगायचे, अगदी आत्ताचं "विंडसरजवळ" तसंच. ८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार विरार-कल्याणला फेकले गेले आणि त्या जमिनींवर टॉवर आले तेव्हा बिल्डर जाहिरातीत त्या भागाला अपर वरळी म्हणायला लागले. परळ नको होतं, परळची जमीन हवी होती. स्लाउमध्ये आता हेच माझ्या डोळ्यांसमोर चाललंय. हॉर्लिक्सचा कारखाना बंद पडला, त्या जागेत फ्लॅट झाले, घड्याळाचा मनोरा ठेवला, चिमणी ठेवली, नावही हॉर्लिक्सचंच ठेवलं कारण आता ते नाव विकतं. जोवर तिथे माणसं पाळीला जात होती तोवर त्या मनोऱ्याचा फोटो कुणी काढत नव्हतं. इमारत टिकली याचं मला बरं वाटतं, गिरण्यांची अशी एक भिंतही फारशी उरली नाही. पण त्या फ्लॅटचे भाव तिथे काम केलेल्या माणसाच्या नातवाला परवडणारे नाहीत.

स्लाउबद्दल अजून एक गोष्ट लोक दबक्या आवाजात सांगतात, ती म्हणजे शाळा. इथे चार ग्रामर स्कूल आहेत, सरकारी, फुकट, पण परीक्षा देऊन प्रवेश. त्या परीक्षेला आजूबाजूच्या भागातून, पार लंडनच्या पश्चिम उपनगरांतून मुलं येतात. जे आईबाप स्लाउमध्ये घर घ्यायचं नाव काढत नाहीत ते दहा वर्षांच्या मुलाला स्लाउच्या शाळेसाठी दोन-दोन वर्षं क्लासला बसवतात. सकाळी साडेसातला स्टेशनवर उभं राहा, गणवेशातली मुलं गाड्यांमधून उतरत असतात आणि स्लाउची माणसं त्याच गाड्यांत चढून लंडनला कामाला जात असतात. त्याच स्टेशनवर काचेच्या पेटीत जिम नावाचा एक कुत्रा ठेवलाय, १८९६ मध्ये गेला तो, रेल्वे कामगारांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी पाठीवर डबा बांधून पैसे गोळा करायचा. एवढ्या मोठ्या इतिहासातून स्टेशनने हे जपून ठेवलं, यावरूनही मला हे गाव आवडतं.

आमच्या मराठी ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं, नवीन आलोय, पॅडिंग्टन की हीथ्रोला ऑफिस, घर कुठे बघू. खाली उत्तरं येतात, हा एरिया चांगला, तो एरिया "मिक्स" आहे, तिकडे "क्राउड" बरोबर नाही. त्या एका "क्राउड" मध्ये आपले लोक आपल्यासारख्याच लोकांबद्दल बोलत असतात, आणि मी तिथे प्रत्येक वेळी विचारते की क्राउड म्हणजे नक्की कोण ते लिहा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मग मी नव्या माणसाला वेगळा मेसेज करते, स्लाउ बघा. फास्ट गाडीने पॅडिंग्टन वीसेक मिनिटं, स्लो हवी तर एलिझाबेथ लाइन थेट लंडनच्या पोटातून जाते, कढीपत्ता, मेथी, नारळ चालत जाऊन मिळतो, शेजारी पंजाबी आजी असेल तर पहिल्याच आठवड्यात साग घेऊन येईल, स्टेशनच्या फार जवळचं घर घेऊ नका रात्री आवाज असतो, ट्रेडिंग इस्टेटकडून वारा आला की गोड वास येतो तो चॉकलेटचा, भाडं विंडसरपेक्षा कमी आणि विंडसरचं ग्रेट पार्क फिरायला तेवढंच जवळ. या आठवड्यात एका औरंगाबादच्या जोडप्याने विचारलंय, तिला लँगलीच्या बाजूचं एक दोन खोल्यांचं घर आवडलंय, त्याला कुणीतरी ऑफिसमध्ये स्लाउ नको म्हणून सांगितलंय. शनिवारी दोघं येतायत बघायला, दुपारी जेवायला आमच्याकडेच आहेत.